‘माहित्या’ म्हणत नाही, मग ‘इन्फर्मेशन्स’ का लिहितो?

‘माहित्या’ हा शब्द तुम्ही कधी उच्चारलाय? नसेलच. शंभर पानं भरतील एवढी माहिती असली तरी ती ‘माहिती’च राहते. ‘पाणी’, ‘ज्ञान’, ‘प्रगती’, ‘सामान’ यांचंही तसंच. ‘सामानं उचला’ असं कुणी म्हणालं तर कानाला लगेच खटकतं. काही नामांचं अनेकवचन होत नाही, ही जाण मराठी माणसाला आपसूक असते, ती कुणी शिकवावी लागत नाही. आणि तरीही हाच माणूस इंग्रजीची परीक्षा द्यायला बसला की बिनदिक्कत ‘इन्फर्मेशन्स’ लिहितो, ‘लगेजेस’ लिहितो, ‘इक्विपमेंट्स’ लिहितो. मीही बरीच वर्षं ‘इक्विपमेंट्स’ लिहीत होतो. कुणी टोकेपर्यंत त्यात काही चुकतंय असा संशयसुद्धा आला नव्हता.

माझ्या मते याचं खापर एका व्याख्येवर फुटायला हवं. बहुतेकांनी ती पाठ केलेली असते: जे मोजता येतं ते काउंटेबल, जे मोजता येत नाही ते अनकाउंटेबल. ऐकायला सोपी, वापरायला घातक. ही व्याख्या खरी मानली तर ‘मनी’ काउंटेबल ठरायला हवं, कारण पैशाइतकं माणूस दुसरं काही मोजत नाही. पण ‘मनी’ अनकाउंटेबल आहे. आकाशातले तारे मोजून कधीच संपत नाहीत, पण ‘स्टार’ काउंटेबल आहे. खोलीत चार खुर्च्या, एक टेबल, एक कपाट असा हिशेब चोख मांडता येतो. त्या सगळ्याला मिळून असलेला शब्द ‘फर्निचर’ मात्र अनकाउंटेबल.

म्हणजे प्रश्न वस्तूचा नाहीच, शब्दाचा आहे. ‘चेअर’ हा शब्द एका सुट्या, कडा असलेल्या वस्तूकडे बोट दाखवतो. ‘फर्निचर’ हा शब्द ढिगाकडे बोट दाखवतो, मग त्या ढिगात दोन वस्तू असोत की वीस. डॅनिश भाषातज्ज्ञ ऑटो येस्पर्सन अशा शब्दांना ‘मास-वर्ड्स’ म्हणत असत, ढिगाचे शब्द. मला हे नाव ‘अनकाउंटेबल’पेक्षा जास्त कामाचं वाटतं. ढिगाला ‘दोन’ म्हणता येत नाही, ढीग फक्त लहान किंवा मोठा असतो. एवढं मनात पक्कं बसलं की पुढचे बरेच नियम आपोआप सुटतात.

आता कोणता शब्द ढिगाचा आणि कोणता सुट्या वस्तूचा, हे ठरवणारं तर्कशास्त्र शोधू नका. इंग्रजीत ‘व्हीट’ ढीग आहे आणि ‘ओट्स’ अनेकवचनी आहे, दोन्ही धान्यंच. मराठीही काही कमी नाही: तांदूळ ‘सांडले’, साखर मात्र ‘सांडली’. दोन्हींचे दाणेच असतात, मग एक अनेकवचनी आणि दुसरी एकवचनी का? उत्तर एवढंच की भाषेनं तसं ठरवलंय.

मराठी कुठे दगा देते

जिथे दोन्ही भाषांचा कल जुळतो तिथे खरं तर चूक व्हायला नको. माहिती–इन्फर्मेशन, सामान–लगेज, वाहतूक–ट्रॅफिक, प्रगती–प्रोग्रेस, यंत्रसामग्री–मशिनरी. इंग्रजी शब्दाला ‘एस’ लावण्याआधी मराठी शब्दाचं अनेकवचन करून बघायचं. ‘प्रगत्या’ हास्यास्पद वाटतं ना? मग ‘प्रोग्रेसेस’ही नको.

पण या युक्तीवर फार विसंबू नका, कारण परीक्षेत हमखास येणाऱ्या निम्म्या शब्दांबाबत मराठी नेमकी उलट बाजूला उभी असते. केस पांढरे ‘झाले’, पण ‘माय हेअर इज ग्रे’. पैसे कुठे ‘आहेत’, पण ‘व्हेअर इज द मनी’. बातम्या ‘ऐकल्या’, पण ‘द न्यूज इज गुड’. सल्ले देतो, पुरावे सापडतात, दागिने घालतो, उपकरणं विकत घेतो, कामं उरकतो. इंग्रजीत ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘एव्हिडन्स’, ‘ज्वेलरी’, ‘इक्विपमेंट’, ‘वर्क’ हे सगळे ढिगाचे शब्द. ही यादी छोटी आहे आणि पाठ करण्यासारखी आहे. उरलेली वीस-पंचवीस नावं सरावात भेटत जातात, पण ही आठ-दहा परीक्षा काढणाऱ्यांची विशेष लाडकी. त्यात ‘रिसर्च’, ‘होमवर्क’, ‘नॉलेज’, ‘वेदर’, ‘सॉफ्टवेअर’, ‘फीडबॅक’ आणि ‘अकॉमोडेशन’ तेवढी जोडून घ्या. शेवटच्या शब्दाबाबत एक भानगड आहे: अमेरिकन इंग्रजीत ‘अकॉमोडेशन्स’ चालतं, ब्रिटिश इंग्रजीत नाही. परीक्षेत एकवचनी ठेवलं की दोन्हीकडे निभावतं.

दुसरा दगा जास्त सूक्ष्म आहे. मराठीत ‘माहित्या’ होत नाही, पण ‘एक माहिती हवी होती’ असं आपण सहज म्हणतो. ‘एक’ लावायला मराठीची हरकत नसते. त्यामुळे ‘इन्फर्मेशन्स’ टाळायला शिकलेला विद्यार्थीसुद्धा ‘अ‍ॅन इन्फर्मेशन’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीत दोन्ही दारं बंद. ‘अ’ आणि ‘अ‍ॅन’ यांचा मूळ अर्थ ‘एक’ असाच आहे, आणि ढिगाला ‘एक’ म्हणणं इंग्रजीला मान्य नाही.

तिसरा दगा परिमाणाच्या शब्दांचा. मराठीत ‘किती पाणी’ आणि ‘किती माणसं’, दोन्हीकडे ‘किती’च. ‘कमी पाणी’, ‘कमी माणसं’, दोन्हीकडे ‘कमी’च. ‘थोडं’चं ‘थोडी’ होतं ते लिंग-वचनामुळे, मोजता येतं की नाही यामुळे नव्हे. इंग्रजी मात्र इथे दोन वेगळ्या पेट्या ठेवते: ‘हाउ मच वॉटर’ आणि ‘हाउ मेनी पीपल’, ‘लेस वॉटर’ आणि ‘फ्युअर पीपल’. आपल्या डोक्यात एकच पेटी असल्यामुळे हात चुकीच्या पेटीत जातो.

उघडं नाम

या सगळ्या प्रकरणातून एकच नियम लक्षात ठेवायचा असं कुणी म्हणालं तर मी हा सांगेन: एकवचनी काउंटेबल नाम इंग्रजीत उघडं फिरत नाही. त्याच्या आधी काहीतरी लागतंच. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’, ‘माय’, ‘धिस’, ‘इच’, ‘एव्हरी’, ‘वन’, काहीही चालेल, पण काहीतरी हवं. ‘आय बॉट कार’ चूक. ‘आय बॉट अ कार’, ‘आय बॉट द कार’, ‘आय बॉट कार्स’, तिन्ही बरोबर, अर्थ वेगवेगळे. मराठीत आर्टिकल, म्हणजे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’, नसतं, ‘मी गाडी घेतली’ हे वाक्य संपूर्ण असतं, म्हणून ही चूक आपल्या डोळ्यांना दिसतच नाही.

अनकाउंटेबल नाम मात्र खुशाल उघडं राहतं: ‘वॉटर इज एसेन्शियल’, ‘नॉलेज इज पॉवर’. त्याला ‘द’, ‘माय’, ‘सम’ चालतं. ‘अ’ चालत नाही, ‘एस’ चालत नाही, ‘इच’ आणि ‘एव्हरी’ही चालत नाहीत. ‘अनदर’सुद्धा नाही, कारण ‘अनदर’च्या पोटात ‘अ‍ॅन’ दडलेला आहे. ‘अनदर इन्फर्मेशन’ चुकीचं का, हे एवढ्यावरून कळतं.

याच कारणानं ‘सच’ आणि ‘व्हॉट’ यांच्यापाशी घोळ होतो. ‘व्हॉट अ लव्हली डे’ बरोबर, ‘व्हॉट अ लव्हली वेदर’ चूक. तिथे ‘व्हॉट लव्हली वेदर’ हवं. मध्ये ‘लव्हली’सारखं विशेषण आलं की आर्टिकल त्या विशेषणासाठी आहे असं वाटू लागतं. पण आर्टिकल नेहमी शेवटच्या नामाचं असतं. हाच मुद्दा उलटूनही विचारतात: ‘अ रिसर्च’ चूक, पण ‘अ रिसर्च पेपर’ अगदी बरोबर, ‘अ न्यूज’ चूक, ‘अ न्यूज रिपोर्ट’ बरोबर. ‘अ’ इथे ‘पेपर’चा आहे, ‘रिपोर्ट’चा आहे. ‘रिसर्च’ आणि ‘न्यूज’ नुसते विशेषणासारखे मध्ये बसलेत.

ढिगातून एक काढायचं असेल तर? त्यासाठी इंग्रजी माप वापरते. सर्वांत कामाचं माप म्हणजे ‘अ पीस ऑफ’. ते ‘अ‍ॅडव्हाइस’, ‘इन्फर्मेशन’, ‘न्यूज’, ‘फर्निचर’, ‘इक्विपमेंट’, ‘एव्हिडन्स’, ‘रिसर्च’, सगळ्यांना चालतं. बाकी काही मापं खास ठरलेली: ‘अ ग्रेन ऑफ राइस’, ‘अ ब्लेड ऑफ ग्रास’, ‘अ बार ऑफ सोप’, ‘अ फ्लॅश ऑफ लाइटनिंग’, ‘अ क्लॅप ऑफ थंडर’. हे म्हणजे आपण ‘गवताची काडी’, ‘साबणाची वडी’ म्हणतो तसंच. अनेकवचन मापाचं होतं, ढिगाचं नाही, आणि क्रियापदही मापाच्या मागे जातं: ‘टू पीसेस ऑफ फर्निचर वेअर डॅमेज्ड’. यावरचा सापळा जुना आहे, तरी लोक अजून त्यात पडतात. ‘वन ऑफ द’ नंतर अनेकवचन लागतं हे पाठ असतं, म्हणून ‘वन ऑफ द बेस्ट अ‍ॅडव्हाइसेस’ लिहिलं जातं. बरोबर रूप: ‘वन ऑफ द बेस्ट पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’.

माप नको असेल तर जोडीदार शब्द शोधा. ‘अ‍ॅडव्हाइस’ ढीग, ‘सजेशन’ सुटं. ‘वर्क’ ढीग, ‘जॉब’ किंवा ‘टास्क’ सुटं. ‘ट्रॅव्हल’ ढीग, ‘ट्रिप’ सुटं. ‘रिसर्च’ ढीग, ‘स्टडी’ सुटं. ‘पोएट्री’ ढीग, ‘पोएम’ सुटं. ‘इक्विपमेंट’ ढीग, ‘टूल’ सुटं. लेखी परीक्षेत या जोड्या दुहेरी फायदा देतात: व्याकरण सांभाळलं जातं आणि तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहावा लागत नाही.

‘फ्यू’, ‘लिटल’ आणि एका अक्षराचा फरक

‘मेनी’, ‘फ्यू’, ‘अ फ्यू’, ‘सेव्हरल’, ‘अ नंबर ऑफ’ यांच्यानंतर अनेकवचनी काउंटेबल. ‘मच’, ‘लिटल’, ‘अ लिटल’, ‘अ ग्रेट डील ऑफ’, ‘अ‍ॅन अमाउंट ऑफ’ यांच्यानंतर अनकाउंटेबल. ‘सम’, ‘एनी’, ‘अ लॉट ऑफ’, ‘प्लेंटी ऑफ’, ‘इनफ’ दोन्हीकडे चालतात. पर्यायांत ते दिसले की एवढ्यावरून उत्तर ठरत नाही.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यातला फरक मराठीत फार छान सांगता येतो. ‘अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे थोडेफार मित्र आहेत, चाललंय बरं. ‘फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे मित्र फारसे नाहीत, तक्रारीचा सूर. ‘अ लिटल टाइम’ म्हणजे थोडा वेळ आहे, ‘लिटल टाइम’ म्हणजे वेळ जवळजवळ नाहीच. एका ‘अ’नं वाक्याचा मूड पालटतो. म्हणून असा प्रश्न आला की फक्त नाम पाहून भागत नाही, पूर्ण वाक्य वाचावं लागतं: ‘ही हॅड ____ मनी, सो ही कुड नॉट बाय द टिकेट’ इथे ‘लिटल’ हवं, ‘अ लिटल’ नव्हे, कारण पुढे तिकीट घेता आलं नाही असं म्हटलंय.

‘लेस’ आणि ‘फ्युअर’चा नियम आज काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखा शिकवला जातो. खरं तर इंग्रज लोक ‘लेस’ हा शब्द मोजता येणाऱ्या गोष्टींसाठीही शेकडो वर्षं वापरत आले. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर नावाच्या एका लेखकानं ‘इथे फ्युअर जास्त शोभून दिसेल’ असं आपलं मत नोंदवलं, आणि पुढे वैयाकरणांनी त्या आवडीचा नियम करून टाकला. इतिहास काहीही असो, परीक्षेत नियमच चालतो: ‘फ्युअर मिस्टेक्स’, ‘लेस टाइम’. अपवाद मात्र परीक्षेतही मान्य आहे. वेळ, अंतर आणि रक्कम यांना इंग्रजी एकच गठ्ठा मानते, म्हणून ‘लेस दॅन टेन माइल्स’, ‘लेस दॅन टू वीक्स’. क्रियापदही तसंच: ‘ट्वेंटी मिनिट्स इज इनफ’.

‘नंबर’ आणि ‘अमाउंट’ यांच्याकडे आयेल्ट्स या इंग्रजी चाचणीच्या अकॅडमिक परीक्षार्थींनी खास लक्ष द्यावं. लेखनाच्या पहिल्या भागात आलेख किंवा तक्त्याचं वर्णन करायचं असतं, आणि तिथे हे दोन शब्द दर दोन ओळींनी लागतात. ‘द अमाउंट ऑफ स्टुडंट्स’ ही चूक इतकी सर्रास आहे की काहींना तीच बरोबर वाटू लागते. विद्यार्थी सुटे, म्हणून ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स’. पाणी, वीज, पैसा, कचरा हे ढीग, म्हणून ‘द अमाउंट ऑफ’. आणि सोबतच क्रियापदाचं भान ठेवा: ‘द नंबर ऑफ स्टुडंट्स इज रायझिंग’, कारण वाढतेय ती संख्या. पण ‘अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर वेटिंग’, कारण वाट बघतायत ते विद्यार्थी. ‘द’ असेल तर एकवचन, ‘अ’ असेल तर अनेकवचन.

दोन तोंडांचे शब्द

इथवरचं पाठ करून जमतं. खरी मजा, आणि वरच्या श्रेणीचे खरे गुण, पुढे आहेत. इंग्रजीतले पुष्कळ शब्द एका अर्थानं ढीग आणि दुसऱ्या अर्थानं सुटी वस्तू असतात. ते एकेक करून घोकण्यापेक्षा बदल कोणत्या दिशेनं होतो ते बघितलं तर सोपं जातं.

पहिली दिशा, पदार्थाकडून वस्तूकडे. ‘ग्लास’ म्हणजे काच. ‘अ ग्लास’ म्हणजे पेला. ‘ग्लासेस’ म्हणजे पेले किंवा चष्मा. ‘आयर्न’ लोखंड, ‘अ‍ॅन आयर्न’ इस्त्री. ‘पेपर’ कागद, ‘अ पेपर’ म्हणजे वर्तमानपत्र किंवा शोधनिबंध. कागदाचं एक पान म्हणायचं असेल तर ‘अ शीट ऑफ पेपर’. मराठीत आपण ‘दोन कागद द्या’ म्हणतो, म्हणून ‘गिव्ह मी टू पेपर्स’ तोंडात येतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की याला दोन वर्तमानपत्रं हवीत.

दुसरी दिशा, पदार्थाकडून प्रकाराकडे किंवा वाढलेल्या मापाकडे. ‘कॉफी’ ढीग, पण मागवताना ‘टू कॉफीज’ म्हणजे दोन कप. ‘चीज’ ढीग, ‘चीजेस’ म्हणजे चीजचे निरनिराळे प्रकार. ‘फ्रूट’चंही असंच, ‘फ्रूट्स’ म्हटलं की रोख जातींवर जातो.

तिसरी दिशा, सर्वसाधारण कल्पनेकडून एका प्रसंगाकडे. हीच परीक्षेत सर्वांत महाग पडते. ‘एक्स्पीरियन्स’ म्हणजे गाठीला असलेला अनुभव, तो ढीग. ‘अ‍ॅन एक्स्पीरियन्स’ म्हणजे आलेला एक अनुभव, एक प्रसंग. त्यामुळे मुलाखतीत ‘आय हॅव अ‍ॅन एक्स्पीरियन्स इन टीचिंग’ म्हणणाऱ्यानं नकळत स्वतःचं नुकसान केलेलं असतं. ‘आय हॅव एक्स्पीरियन्स इन टीचिंग’ म्हणायचं. उलट प्रवासात घडलेली गंमत सांगताना ‘इट वॉज अ‍ॅन अनफर्गेटेबल एक्स्पीरियन्स’ बरोबर. ‘टाइम’ म्हणजे वेळ, ‘थ्री टाइम्स’ म्हणजे तीन वेळा. ‘रूम’ म्हणजे जागा, ‘अ रूम’ म्हणजे खोली. ‘देअर इज नो रूम इन द कार’ या वाक्यात गाडीत खोली शोधत बसू नका. ‘वर्क’ म्हणजे काम, ‘अ वर्क ऑफ आर्ट’ म्हणजे कलाकृती. ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान, ‘डॅमेजेस’ म्हणजे न्यायालयानं मंजूर केलेली नुकसानभरपाई, त्यामुळे ‘पुरामुळे बरंच नुकसान झालं’ हे लिहिताना ‘डॅमेजेस’ लिहिलंत तर अर्थच बदलतो.

चौथी दिशा उलटी: सुट्या प्राण्याकडून मांसाच्या ढिगाकडे. ‘अ चिकन’ म्हणजे अंगणात फिरणारी कोंबडी, ‘चिकन’ म्हणजे ताटातलं. ‘आय एट अ चिकन’ म्हणालात तर अख्खी कोंबडी फस्त केलीत असा अर्थ होतो.

आणि एक कोपरा असा, जिथे नियम सांगणाऱ्यालाही जरा थबकावं लागतं. ‘नॉलेज’ अनकाउंटेबल, पण ‘अ गुड नॉलेज ऑफ फ्रेंच’ शुद्ध इंग्रजी आहे. ‘एज्युकेशन’ अनकाउंटेबल, पण ‘अ गुड एज्युकेशन’ शुद्ध. ‘हेल्प’ अनकाउंटेबल, पण ‘यू हॅव बीन अ ग्रेट हेल्प’ शुद्ध. काही भाववाचक नामांना विशेषण लागून ती विशिष्ट झाली की ‘अ’ चालतो, अनेकवचन मात्र तरीही होत नाही. पण ही सवलत सगळ्यांना नाही. ‘अ गुड अ‍ॅडव्हाइस’, ‘अ गुड प्रोग्रेस’, ‘अ बॅड वेदर’ कधीच चालत नाही. कुणाला सवलत आणि कुणाला नाही, याचं पक्कं सूत्र नाही. वाचनानं कान तयार होतो, तोवर वरची तीन उदाहरणं लक्षात ठेवली तरी पुरे.

‘एस’चे वेषांतर

हे भराभर उरकू. ‘न्यूज’, ‘मॅथमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘मीझल्स’, ‘डायबेटीस’ यांच्या शेवटी ‘एस’ आहे, पण क्रियापद एकवचनी. ‘सिझर्स’, ‘ट्राउझर्स’, ‘क्लोद्ज’, ‘गुड्स’, ‘सेव्हिंग्ज’ कायम अनेकवचनी. एक कात्री म्हणायची तर ‘अ पेअर ऑफ सिझर्स’. ‘पीपल’, ‘पुलीस’, ‘कॅटल’ यांना ‘एस’ नाही, तरी क्रियापद अनेकवचनी. ‘डेटा’ला ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात, शास्त्रीय लेखनात ‘आर’ जास्त दिसतं. ‘क्रायटेरिया’ आणि ‘फिनॉमिना’ ही अनेकवचनं आहेत, एकवचन ‘क्रायटेरियन’ आणि ‘फिनॉमिनन’.

या वेषांतराला खुद्द इंग्रजही फसलेत. मटाराला जुन्या इंग्रजीत ‘पीझ’सारखा एक शब्द होता, आणि तो ढिगाचा होता, आपल्या ‘साखर’सारखा. शेवटचा ‘झ’ ऐकून लोकांना ते अनेकवचन वाटलं, आणि सतराव्या शतकात त्यांनी तो ‘झ’ छाटून ‘पी’ हे नवं एकवचन तयार केलं. आज तेच शुद्ध आहे. तुमचं ‘इन्फर्मेशन्स’ही कधी काळी शुद्ध ठरेल कदाचित, पण तुमच्या परीक्षेच्या तारखेआधी ठरण्याची शक्यता नाही.

परीक्षेत हे कोणत्या रूपात समोर येतं

टोइक आणि टोफेल आयटीपी याही इंग्रजीच्याच चाचण्या. टोइकच्या वाचन विभागात पाचव्या भागात गाळलेल्या जागांचे ३० प्रश्न असतात. टोफेल आयटीपीच्या व्याकरण विभागात २५ मिनिटांत ४० प्रश्न, त्यातले बरेचसे अधोरेखित शब्दांतली चूक शोधण्याचे. म्हणजे एका प्रश्नाला अर्ध्या मिनिटाच्या आसपास. एवढ्या वेळात व्याख्या आठवत बसता येत नाही, डोळ्यांना ठरलेल्या जागी जायची सवय लागते.

गाळलेल्या जागेचा प्रश्न घ्या: ‘देअर इज नॉट ____ इन्फर्मेशन अबाउट द कोर्स’. पर्याय ‘मेनी’, ‘मच’, ‘फ्यू’, ‘सेव्हरल’. आधी जागेनंतरचं नाम पाहायचं. ‘इन्फर्मेशन’ ढीग, म्हणून ‘मच’. समजा त्या शब्दाबद्दल शंका असती, तरी ‘इज’ साक्ष देतोय की नाम एकवचनी आहे, आणि उरलेले तिन्ही पर्याय अनेकवचन मागतात. शब्द माहीत नसला तरी क्रियापद चुगली करतं, हे विसरू नका.

आता चूक शोधा: ‘द इक्विपमेंट यूज्ड इन दीज लॅबोरेटरीज आर एक्स्पेन्सिव्ह’. इथे ‘इक्विपमेंट’ला ‘एस’ लावलेलं नाही म्हणून आपण निश्चिंत होतो. क्रियापदाच्या शेजारी ‘लॅबोरेटरीज’ हे अनेकवचन मुद्दाम बसवलंय, आणि त्याला ‘आर’ शोभून दिसतं. पण महाग प्रयोगशाळा नाहीत, महाग आहे ते ‘इक्विपमेंट’. म्हणून ‘इज’ हवं. सर्वनामाचा सापळाही याच जातीचा: ‘इफ यू नीड मोअर इन्फर्मेशन, आय कॅन सेंड देम टू यू’. ढिगाला ‘देम’ नाही, ‘इट’.

आयेल्ट्समध्ये व्याकरणाचा वेगळा पेपरच नाही, म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण लेखनात चार निकष समान वजनाचे असतात आणि व्याकरण त्यातला एक. सात बँडसाठी (बँड म्हणजे तिथली गुणश्रेणी) बिनचूक वाक्यं वारंवार दिसायला हवीत. ‘अ‍ॅडव्हाइसेस’सारखी चूक प्रत्येक परिच्छेदात येत असेल तर ती तेवढी वाक्यं नासवते. श्रवणाच्या परीक्षेत तर हिशेब आणखी रोखठोक. ४० प्रश्न, प्रत्येकी एक गुण. ध्वनिफितीत ‘टिकेट्स’ म्हटलं असेल आणि तुम्ही ‘टिकेट’ लिहिलंत तर तो गुण गेला. इथे व्याकरणच कानाला मदत करतं. जागेच्या आधी ‘अ’ असेल तर ‘एस’ येणार नाही. जागेच्या आधी काहीच नसेल तर उत्तर अनेकवचनी किंवा अनकाउंटेबल असणार, कारण एकवचनी काउंटेबल नाम उघडं फिरत नाही. ध्वनिफीत सुरू होण्याआधी प्रश्न वाचायला जो थोडा वेळ मिळतो, त्यात ही एवढी खूण करून ठेवता येते.

नवा शब्द भेटला की शब्दकोशात त्याच्या शेजारी बघा. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत काउंटेबलसाठी ‘सी’ आणि अनकाउंटेबलसाठी ‘यू’ छापलेलं असतं, आणि दोन तोंडांच्या शब्दांत प्रत्येक अर्थासमोर वेगळं. वहीत शब्द एकटा उतरवू नका. ‘एव्हिडन्स – पुरावा’ असं लिहिलंत तर परीक्षेत ‘एव्हिडन्सेस’ येणारच. ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’, ‘मच एव्हिडन्स’ असं जोडीनं लिहा.

आता पेन्सिल घ्या. खालच्या उताऱ्यात सात चुका आहेत.

‘लास्ट इयर आय डिड अ रिसर्च ऑन द ट्रॅफिक इन बिग सिटीज. आय कलेक्टेड मेनी इन्फर्मेशन्स, अँड माय टीचर गेव्ह मी अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस अबाउट हाउ टू यूज देम. आय हॅड फ्यू टाइम, सो द अमाउंट ऑफ मिस्टेक्स इन माय पेपर वेअर हाय.’

‘अ रिसर्च’मधला ‘अ’ काढा. ‘मेनी इन्फर्मेशन्स’च्या जागी ‘अ लॉट ऑफ इन्फर्मेशन’. ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हाइस’च्या जागी ‘सम अ‍ॅडव्हाइस’. ‘देम’च्या जागी ‘इट’, कारण ते ‘इन्फर्मेशन’साठी आलंय. ‘फ्यू टाइम’चं ‘लिटल टाइम’. ‘अ लिटल’ नाही, वेळ पुरला नाही म्हणूनच तर चुका झाल्या. ‘अमाउंट’चं ‘नंबर’, आणि त्याबरोबर ‘वेअर’चं ‘वॉज’. ‘ट्रॅफिक’ जसं आहे तसंच बरोबर आहे. आणि ‘माय पेपर’वर रेघ मारली असेल तर ती खोडा: तो कागद नव्हे, शोधनिबंध आहे.